व्यायामाचे कपडे: बडोद्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी काय घ्यावं, कसं पारखावं

आमच्या सकाळच्या गटात नवी माणसं वर्षातून दोनदा येतात. एकदा हिवाळ्यात, मॅरेथॉनची चर्चा सुरू झाली की. आणि एकदा नवरात्राच्या दीड-दोन महिने आधी, नऊ रात्री गरबा खेळायला दम पुरावा म्हणून. कमाटीबागेच्या फाटकाशी पहिल्याच दिवशी प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कपडे कुठले घ्यायचे?" त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो फारसं कुणी विचारत नाही. या महागड्या कपड्यांनी खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत दाखवतात तिथे नाही. कपड्यातून ताकद मिळत नाही. अंगावर साठलेला घाम, कातडीला होणारं घर्षण आणि शरीराच्या मऊ भागांना बसणारे हिसके, एवढे त्रास तो कमी करतो. ते कमी झाले की माणूस दुसऱ्या दिवशीही येतो, तिसऱ्या दिवशीही येतो, आणि ताकद त्या रोजच्या येण्यातून वाढते. मी अकरा वर्षं नवशिक्यांसोबत धावतेय. कंटाळून व्यायाम सोडणारे मी कमी पाहिले. मांड्या सोलल्या, टाचेला फोड आला, छाती दुखली म्हणून गुपचूप यायचे थांबलेले खूप पाहिले.

आपल्या बडोद्याला हा विचार नवा नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासूनचं, आणि पुढे प्रा. माणिकरावांनी त्याचं नाव देशभर नेलं. तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा, मल्लखांबावर जाण्याआधी मुलगा लंगोट किती काळजीने कसतो. सैल कपडा खांबात अडकतो, घामाने जड होतो, पकड सुटते. ज्या कामासाठी जे कापड, तेवढंच अंगावर आणि बरोबर त्या जागी. खेळाच्या कपड्यांचं सगळं शास्त्र त्या लंगोटाच्या गाठीत आहे.

पहिला आठवडा: काही विकत घेऊ नका

घरात असेल ते घालून या. जुना टी-शर्ट, सलवार-कमीज, भावाची ट्रॅक पॅन्ट, काहीही चालेल. ओढणी तेवढी घरी ठेवा. बूट मात्र मापाचे हवेत. तो विषय मोठा आहे, त्यात आज शिरत नाही.

या आठवड्यात शरीराच्या तक्रारी ऐकायच्या. चालताना हात सारखा कुठे जातो? पॅन्ट वर ओढायला, खांद्यावरचा पट्टा सरकवायला, की पोटाला चिकटलेला शर्ट सोडवायला? घरी येऊन अंगावर पहिला तांब्या घेतलात की पाणी कुठे झोंबतं? काखेत, मांडीच्या आतून, छातीखाली, पाठीवर हुकाच्या जागी? जिथे झोंबलं तिथे कातडी सोललेली आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. या जागा वहीत लिहा, किंवा फोनमध्ये टिपून ठेवा, आणि खरेदी त्या क्रमाने करा.

एक काका पहिल्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत नवा संच घालून आले होते. आठव्या दिवशी लंगडायला लागले. त्रास होता जुन्या, जाड सुती मोज्यांचा, आणि नेमके तेच त्यांनी बदलले नव्हते.

घाम आणि कापड

इथे जरा थांबू या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्साच हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. साठ किलोचा माणूस १० किलोमीटर धावला तर ढोबळ हिशेबाने ६०० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या साडेचारशेहून जास्त नुसती उष्णता. ती बाहेर टाकायचा शरीराचा मोठा मार्ग म्हणजे घाम वाळणं. १ लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. यातला 'वाळला तर' हा भाग विसरू नका. हनुवटीवरून टपकलेला घाम गारवा जवळजवळ देत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो.

म्हणून आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांचे हिशेब वेगळे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण दुपारची हवा कोरडी असते. घाम सुटल्या सुटल्या उडतो, शर्ट ओलाही दिसत नाही, आणि पाणी किती कमी झालं हे कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा उतरतो, पण हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळायला वावच नसतो. त्या दिवसांत कितीही महाग कपडा तुम्हाला गार ठेवू शकणार नाही. वेग कमी करा, मधे चाला. (आणि पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाकाठाने धावू नका. पाणी चढलं की मगरी वर येतात. बडोदेकरांना हे सांगायला नको, पण नोकरीनिमित्त बाहेरून आलेल्यांना सांगावं लागतं.)

आता कापडाकडे या. सुती तंतू पाणी पितो. नुसत्या नेहमीच्या हवेतही तो आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून बसतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम त्या तंतूच्या आत शिरतच नाही, तंतूंच्या मधल्या फटींतून सरकत पसरतो, समईतलं तेल वातीतून चढतं तसा. पसरला की पातळ होतो, पातळ झाला की लवकर वाळतो. १९८६ मध्ये ड्युपाँट कंपनीने कूलमॅक्स नावाचा धागा आणला. त्याच्या तंतूंना लांबीभर खाचा होत्या, घामाला पन्हळी करून दिल्यासारख्या. आज मंगळबाजारात ज्याला सरसकट 'ड्रायफिट' म्हणतात ते कापड याच कल्पनेवर चालतं.

मी एका जुलैमध्ये दोन शर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले होते. एक सुती, एक ड्रायफिट, दोन्ही दिवशी तेवढंच अंतर. सुती शर्ट जाताना १७० ग्रॅम होता, येताना ३९०. ड्रायफिट १२५ चा २१५ झाला. पाव किलोच्या आसपास पाणी अंगाला चिकटवून तासभर धावायचं, आणि ते ओलं कापड प्रत्येक पावलाला काखेत घासून घ्यायचं, असा हा मामला आहे. तुमच्याकडे काटा असेल तर जरूर तोलून पाहा.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शरीराच्या आतलं तापमान मोजून जे प्रयोग झाले, त्यांत अशा कपड्यांमुळे ते तापमान फारसं खाली आलेलं दिसत नाही. फायदा होतो तो चिकचिक कमी होण्याचा, वजन न वाढण्याचा, कातडी न सोलण्याचा. शिवाय पॉलिएस्टरला वास लवकर येतो आणि तो सुतीपेक्षा चिवट असतो. त्यामुळे तुम्ही रोज अर्धा तास चालणार असाल, तर सुती कपडे उत्तम आहेत. माझी आई अजूनही सुती साडीतच बागेच्या फेऱ्या मारते आणि तिला काही कमी पडत नाही. तासभर घाम गाळणार असाल, तेव्हा कापड बदला.

दुकानात कसं पारखायचं

इथून दीडशे किलोमीटरवर सुरत आहे, पॉलिएस्टरच्या कापडाचं मोठं आगर. त्यामुळे आपल्या बाजारात असे शर्ट ढिगाने मिळतात, आणि तीनशे-चारशे रुपयांतही चांगला शर्ट निघतो. फक्त निवडता यायला हवा.

पाण्याची बाटली सोबत न्या. शर्ट उलटा करून, म्हणजे अंगाकडच्या बाजूला, पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर ते नुसतंच पॉलिएस्टर आहे, उन्हाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखं होईल. थेंब काही सेकंदांत रुपयाच्या नाण्याएवढा पसरला आणि बाहेरच्या बाजूलाही उमटला, तर कापड कामाचं. दुकानदाराला आधी विचारा म्हणजे झालं. पाण्याच्या थेंबाला मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

मग कापडाचं वजन विचारा. कापडाच्या शहराजवळचे दुकानदार जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बरोबर सांगतात. आपल्या हवेला १२० ते १५० पुरे. डॉटनिट नावाचं बारीक छिद्रांचं कापड क्रिकेटच्या जर्सीला वापरतात, तेही चालतं. छातीवर रबरासारखा जाड छाप असलेला शर्ट मात्र ठेवून द्या. तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही, आणि दोन महिन्यांत त्याची कड टोचायला लागते. शिवण मनगटाच्या आतल्या बाजूवर दाबून फिरवा. तिथे टोचली तर काखेत हजार पावलांनंतर काय करेल याचा विचार करा. चपटी शिवण असेल तर चांगलंच.

आणि सैल घ्या. व्यायामाचा शर्ट म्हणजे अंगाला चिकटलेलाच हवा असं नव्या मुलांना वाटतं. उन्हात थोड्या सैल कपड्यात चालताना आतून हवा खेळते, तीच घाम वाळवते. रंग फिकट.

स्त्रियांसाठी, आणि हा भाग मुलींना वाचायला द्या

या खरेदीत पैसे वाचवू नका. बाकी सगळं स्वस्तातलं चालेल, स्पोर्ट्स ब्रा मापाचीच हवी.

१९७७ साली अमेरिकेत, व्हरमाँट विद्यापीठात, लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी धावण्यासाठीची पहिली ब्रा बनवली. पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे तिकडचे लंगोटच, त्यांनी कापून एकत्र शिवले. पुरुषांच्या लंगोटाला तालमीत शेकडो वर्षं झाली, आणि बायकांची ही सोय अवघी पन्नास वर्षांची आहे. वयात आल्यावर मुली मैदान सोडतात त्यामागे हे न बोललेलं दुखणं किती वेळा असतं, हे मी गटातल्या मुलींकडून ऐकलंय. आईने, मावशीने, आत्याने हे मोकळेपणाने विचारावं. मुलगी स्वतःहून सांगणार नाही.

धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांना हलतात. त्यांना आतून आधार देणारा स्नायू नाही. कातडी आणि काही नाजूक बंध एवढंच काय ते. आधार नसेल तर दुखतं, मग बाई नकळत खांदे पुढे घेते, हात आवळते, पाऊल आखडतं घेते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात चांगला आधार असताना त्याच वेगाला प्राणवायू कमी लागल्याचं दिसलं. कपड्यामुळे व्यायामात थेट फरक पडतो, असं मी ज्या थोड्या ठिकाणी म्हणेन, त्यातलं हे एक.

मोजायचं असं: छातीच्या खाली, बरगड्यांवरून टेप फिरवा, आणि भरलेल्या भागावरून दुसरं माप घ्या. मुख्य भार खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो, खांद्यांनी नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दोन्ही हात वर करा. पट्टा वर सरकला तर एक माप कमी घ्या. खांद्यावर वळ उठत असतील तर बहुतेक वेळा खालचा पट्टाच सैल असतो. कापडाला सुरकुत्या नकोत, आणि बाजूने अंग बाहेर येता कामा नये. मग ट्रायल रूममध्येच जागच्या जागी तीन टाळीचा गरबा खेळून पाहा. संकोच करू नका. दुकानात हलली तर मैदानात दुप्पट हलेल.

चालण्यासाठी नुसती घट्ट दाबून धरणारी चालते. धावणं, दोरीच्या उड्या, गरबा यांना दोन वेगळ्या कप्प्यांची, रुंद पट्ट्याची घ्या. पट्टा ढिला पडला की ती ब्रा घरात वापरायला काढा. मैदानात तिचा उपयोग संपला.

मांड्या, काखा, टाचा

माझ्या पहिल्या अर्धमॅरेथॉनला मी आदल्या दिवशी घेतलेली नवी शॉर्ट्स घातली होती. दिसायला सुरेख. मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण होती, ती बाराव्या किलोमीटरला कळली. शेवटचे नऊ किलोमीटर पाय फाकवून गेले, आणि पुढचे पाच दिवस मी बसता-उठता दात आवळत होते. पाय थकलेच नव्हते. कातडीने हार मानली.

ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते, आणि घामातलं मीठ वाळून त्यावर बारीक वाळूसारखं काम करतं. मांड्या एकमेकींना लागत असतील, आणि बहुतेकांच्या लागतात, तर आतून घट्ट शॉर्ट्स घाला. त्यांची लांबी मांड्या जिथे घासतात त्याच्या चार बोटं खाली यायला हवी. कापड 'फोर-वे' मागा, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं. ही ताण धरणारी लवचीकता स्पॅन्डेक्सच्या धाग्याने येते. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी तो शोधला, आणि आपण त्याला सगळेच 'लायक्रा' म्हणतो. दुकानात उकिडवे बसून पाहा, पाटावर बसतो तसं. कंबर मागून खाली आली, किंवा कापड ताणून पारदर्शक झालं, तर परत द्या.

पुरुषांसाठी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. लांब धावलात तर स्तनाग्रं सोलून रक्त येतं. पांढऱ्या शर्टावर दोन लाल ओघळ घेऊन आलेला तरुण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी घाबरले होते. मेडिकलमध्ये कागदासारखी मायक्रोपोअर टेप मिळते, तिचे दोन तुकडे आधी चिकटवा. काखेत आणि मांडीत व्हॅसलीन लावा. खोबरेलही चालतं, पण ते लवकर उतरतं.

मोजे सुती नकोत. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, टाचेला बरोबर बसणारे, बोटांशी शिवण नसलेले घ्या.

घट्ट कपडे, थकवा आणि दुखणारे पाय

आता त्या प्रश्नाकडे येते ज्यासाठी निम्मे वाचक इथवर आले असतील. कॉम्प्रेशनचे टाइट्स, पोटरीवरच्या बाह्या, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे. यांनी वेग वाढतो का? दुखणं लवकर जातं का?

कपड्याने वेग वाढू शकतो हे पोहण्यात सिद्ध झालंय. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले, आणि जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. पण पाण्याचा अडथळा प्रचंड असतो आणि तो पोशाख शरीराला तरंगतही ठेवत होता. जमिनीवर, आपल्या तुमच्या वेगाला, हवेचा अडथळा नगण्य आहे. कॉम्प्रेशन घालून धावणाऱ्यांवर बरेच प्रयोग झाले; बहुतेकांत धावण्याच्या वेळेत फरक पडला नाही. मांडी-पोटरीचं थरथरणं कमी होतं, पाय बांधल्यासारखे वाटतात, आणि काहींना ते आवडतं. आवडत असेल तर घाला.

दुखण्याचं मात्र नीट समजून घ्या. पावागढ चढताना दम लागतो, पण दोन दिवस जिना उतरता येत नाही ते पावागढ उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि मग ओसरतं. पुष्कळजण अजून लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणतात. ते नव्हे, व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं.

व्यायामानंतर काही तास कॉम्प्रेशन घातलं तर हे दुखणं थोडं कमी होतं, असं काही संशोधन सांगतं. २०१४ च्या एका आढाव्यात मध्यम फायदा दिसला होता. २०२२ च्या दुसऱ्या आढाव्यात स्नायूंची ताकद परत येण्यात फायदा दिसला नाही. अडचण अशी की घट्ट मोजा घातला आहे हे घालणाऱ्याला कळतंच. औषधाच्या प्रयोगात खऱ्या औषधाऐवजी साखरेची गोळी देऊन फसवता येतं तसं इथे येत नाही. त्यामुळे किती फायदा कापडाचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी यावर पैसे घालू नका. नवरात्रात पाचव्या-सहाव्या रात्री पोटऱ्या दगडासारख्या होत असतील तर एक जोडी घेऊन पाहा, गरब्याहून आल्यावर दोन-तीन तास घाला, आणि सकाळी कसं वाटतं ते स्वतःच ठरवा.

घ्यायची झाली तर पोटरीचा सर्वात जाड भाग आणि घोटा टेपने मोजून घ्या. उंची-वजनावरून घेतलेलं माप चुकतं. दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी होत जायला हवा. या मोज्यांची कल्पना मुळात फुगलेल्या शिरांच्या रुग्णांसाठीच्या मोज्यांवरून आली आहे. बोटं निळसर झाली, मुंग्या आल्या तर लगेच काढा. मधुमेहाने पाय बधिर असणाऱ्यांनी आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घालू नये.

स्नायू भरून येतात ते झोपेने आणि जेवणाने. उसळ, डाळ, दही, अंडं, जे तुमच्या घरात चालतं ते. आणि पावागढला पंधरा दिवसांनी पुन्हा जा. दुसऱ्या वेळी निम्मंही दुखत नाही, कारण स्नायू एकदा शिकतो. तेवढा परिणाम करणारी पॅन्ट मी अजून पाहिलेली नाही. उलट दुखणं कमी न होता वाढत गेलं, पाय सुजले आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर कपड्यांचा, मोज्यांचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे घेऊ नका

पोटाला गुंडाळायचे रबरी पट्टे आणि घाम काढणारे प्लॅस्टिकचे सूट. त्यांनी कमी होतं ते पाणी, चरबी नाही. दोन ग्लास ताकाने वजन परत येतं. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात महिन्याभरात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर दगावले. घाम काढण्यासाठी रबरी सूट घालून व्यायाम करणं हा त्या प्रकाराचाच भाग होता, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत त्या सूटवर बंदी आली. आपल्या मे महिन्यात असला पट्टा बांधून धावणारा माणूस दिसला तर मी थांबून त्याला काढायला लावते. परका असला तरी.

थंडीतली गोष्ट छोटी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो आणि गार स्नायू पूर्ण जोर देत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं वरून एक पातळ जॅकेट असू द्या. अंग तापलं की कमरेला बांधा.

धुणं, वाळवणं आणि खाज

व्यायाम संपला की ओल्या कपड्यांत सेवउसळ खायला बसू नका. आधी निदान शर्ट बदला. मांडीच्या सांध्यात, छातीखाली, कमरेला ओल राहिली की गजकर्ण धरतं, आणि आपल्या दमट हवेत ते हटता हटत नाही. गोल, कडेने लाल आणि खाजणारा चट्टा दिसला तर मेडिकलवाल्याकडून एखादं मलम आणून लावू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि आतून बुरशी पसरते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कुणाचा टॉवेल, कुणाची शॉर्ट्स वापरू नका, घरातल्यांचीसुद्धा.

कपडे त्याच दिवशी धुवा. निदान पाण्यातून काढून दोरीवर टाका, पण पिशवीत कोंडून ठेवू नका. उलटे करून, गार पाण्यात, थोड्या पावडरीने. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नका. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम सरकायची वाट बुजते. वास बसला असेल तर बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. लवचीक कपड्यांना इस्त्री, गरम पाणी आणि ब्लीच सोसत नाही. सावलीत वाळवा. ड्रायफिट पंख्याखाली लवकर वाळतो, त्यामुळे दोन शर्टांवर आठवडा निघतो. ब्रा आणि मोजे मात्र तीन-तीन हवेत.

शर्यतीच्या आदल्या रात्री

पहिल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीसाठी नवा शर्ट देतात, आणि तो घालून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो शर्ट पिशवीत ठेवा, धावून झाल्यावर घाला. धावायचं ते कमीत कमी चार वेळा धुतलेल्या, चार वेळा घाम प्यायलेल्या कपड्यांत. आदल्या रात्री ते खुर्चीवर काढून ठेवा: शर्ट, आतली शॉर्ट्स, ब्रा, मोजे, टेप, व्हॅसलीनची डबी. क्रमांकाचा कागद तेव्हाच चार पिनांनी लावा, शर्ट अंगात घालून, कारण खाटेवर पसरून लावलेला कागद धावताना पोटावर चुरगळतो. पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला राहू द्या.